तीन फुटांवरून

नॉटिंगहॅम, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय कॉलिन,

डर्बीच्या शिशाच्या शिपायांच्या स्पर्धेची नियमावली आज आली. जोड्यांची स्पर्धा या वर्षी १७ आणि १८ ऑक्टोबरला आहे, शनिवार-रविवार. मी आपल्या दोघांच्या नावाने अर्ज भरला, पत्ते दोनदा तपासले आणि टपालात टाकला. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास तर ते मला वाचावं लागलं असतं. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. पहिलं अक्षर अडकतं आणि तेवढ्यात नाणी संपतात.

गुण शंभरच आहेत. सत्तर टेबलावरच्या लढायांचे, दहा वागणुकीचे, वीस शिपायांच्या रंगकामाचे. प्रत्येकाने आपली अर्धी फौज स्वतः रंगवलेली असली पाहिजे, ही अट या वर्षी ठळक छापली आहे. गेल्या वर्षी आपण दोन गुणांनी मागे पडलो. ते दोन्ही गुण तुझ्या तोफखान्याचे होते, ज्याच्या पायाखालचं गवत तू डर्बीला जाताना गाडीत बसून रंगवलंस. मी हे दोष म्हणून लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो.

फौज ऑस्ट्रियाची घेऊ, नेपोलियनच्या विरुद्धची. घोडदळ आणि तोफा मी रंगवतो. तुझ्याकडे हंगेरियन ग्रेनेडियरांची एक पलटण, चोवीस शिपाई. शिपाई सोबतच्या खोक्यात आहेत, कापसात गुंडाळलेले. पांढरा कोट, आकाशी तंग विजार, मांडीवर पिवळी दोरी. पांढरा रंग सरळ पांढरा देऊ नकोस. आधी राखाडी दे आणि सुरकुत्यांत तो राहू दे. आमच्या कारखान्यात मोज्यांसाठी करतात तसं रंगाचं कार्ड करून जोडलं आहे.

चौदाव्या वर्षी शाळेच्या सामानाच्या खोलीत आपण ठरवलं होतं, एकदा तरी डर्बीचा चषक आणायचा. आता आपण पंचविशीत आहोत. मला हे पूर्ण करायचं आहे.

तुझा,
नेविल

ग्रिम्सबी, १ मार्च १९८७

नेविल गड्या,

तुझं पत्र मॉरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा पोरगा लग्नाची मागणी घालेल तेव्हाही सोबत नियमावली जोडेल." माझी बहीण आहे, पण बोलते खरं.

येतो बाबा डर्बीला. चोवीस तर चोवीस. तुझ्या कार्डावर पांढऱ्याचे पाच प्रकार आहेत. मला दोन दिसतात, बाकीचे तीन तुझ्या मनात आहेत.

गोदीवर सध्या मला माशांच्या बर्फाच्या खोक्यांवर लावलंय. संध्याकाळपर्यंत उजव्या हाताची बोटं पाहुण्यासारखी वागायला लागतात, असतात पण कामाला हात लावत नाहीत. परवा चहाचा मग सुटला हातातून. मुकादम म्हणाला, "काय ब्रॅमली, बायको यायच्या आधीच भांडी फोडायला घेतलीस?" थंडी कमी झाली की बोटं ठिकाणावर येतील.

आणि ते भिंग जरा बाजूला ठेव. परीक्षक तीन फुटांवर उभे राहून बघतात, नियमच आहे तो. लढाईत कोण कुणाच्या मांडीवरची दोरी तपासतो?

कॉलिन

नॉटिंगहॅम, १८ मे १९८७

प्रिय कॉलिन,

पहिले सहा शिपाई सुखरूप पोचले. एकाची संगीन वाकली होती, ती सरळ केली.

मी ते दिव्याखाली पाहिले. पहिले तीन चांगले आहेत. चौथ्याच्या पट्ट्याचा पांढरा रंग कोटावर आला आहे. पाचव्याच्या विजारीवरची दोरी गुडघ्यापाशी तुटते आणि पुन्हा दुसरीकडून सुरू होते. सहाव्याला चेहरा आहे, पण डोळे नाहीत, नुसते दोन ठिपके, आणि त्यांतला एक गालावर आहे. हे वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू याहून चांगलं करतोस, हे मी अकरा वर्षं पाहिलं आहे. कदाचित तू दमून आल्यावर रंगवायला बसतोस. रविवारी सकाळी बसत जा. कोपर टेबलावर टेकव.

अजून अठरा राहिले. हाताशी एकवीस आठवडे आहेत. आठवड्याला एक धरला तरी होतात.

तुझा,
नेविल

ग्रिम्सबी, १४ जून १९८७

नेविल,

हे पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. मॉरीनच्या कचेरीतलं जुनं यंत्र घरी आलंय. एका बोटाने बडवतोय, मजा वाटते. खाडाखोड केली की यंत्रच चिडतं.

शिपाई चालू आहेत. गोदीवरचं काम सोडलंय. दुसरं बघतोय.

गालावर डोळा असलेला शिपाई मला आवडतो. त्याचं नाव मी योझेफ ठेवलंय. तो दोन्हीकडे लक्ष ठेवतो.

तीन फुटांवर उभा राहा नेविल. खरंच राहून बघ एकदा.

कॉलिन

नॉटिंगहॅम, २३ ऑगस्ट १९८७

प्रिय कॉलिन,

दोन महिन्यांत तुझी तीनच पत्रं आली, तीनही टाइप केलेली, आणि सगळ्यांत लांब पत्र सहा ओळींचं. तू कचेरीतलं काम धरलं असशील तर आनंद आहे. पण मित्राला पत्र हाताने लिहायचं असतं, असं मला वाटतं. मी शाळा पंधराव्या वर्षी सोडली तरी शब्दकोश शेजारी ठेवून लिहितो आणि चुकलं तर पान पुन्हा लिहितो. तुझ्यासाठी लिहायचं असतं म्हणून लिहितो.

क्लबातला रॉय परवा म्हणाला, "तुझा तो मासेवाला या वेळीही आगगाडीत बसून रंगवणार बघ."

माझे बारा घोडेस्वार आणि तीन तोफा तयार आहेत. घोड्यांच्या नालांनाही रंग दिला आहे.

तुला नको असेल तर तसं लिही. मी वाचेन.

नेविल

ग्रिम्सबी, १२ सप्टेंबर १९८७

नेविल,

चोवीस झाले. तुझ्याकडचे सहा धरून. उरलेले अठरा या खोक्यात आहेत.

ओबडधोबड आहेत, मला दिसतं. पण सगळे माझे आहेत. त्यांना हात लावू नकोस. जसे आहेत तसे टेबलावर मांड.

बाकीचं डर्बीला सांगतो. लिहिण्यासारखं नाही.

आणि रॉयला म्हणावं, आगगाडीत बसून नाही रंगवले.

कॉलिन

नॉटिंगहॅम, २७ सप्टेंबर १९८७

प्रिय कॉलिन,

अठराही पोचले. आभारी आहे. आता तू कशाचीही काळजी करू नकोस. मी कारखान्यातून आठ दिवसांची रजा घेतली आहे.

थोडी साफसफाई केली आहे, इतकंच सांगतो. डर्बीला बघशील तेव्हा तुला आनंद होईल.

एक विचारायचं आहे. प्रत्येक शिपायाच्या तळाला तू एक छोटी चिठ्ठी चिकटवली होतीस, तिच्यावर आकडा. मला वाटलं ते रांगेचे क्रमांक असतील, म्हणून त्या क्रमाने लावून पाहिले. पण जुळत नाही. २ दोनदा आहे, ३ तीनदा, मग ४, ७, १२, आणि शेवटच्यावर ३१. १ कुठेच नाही. तळाला नवीन पुठ्ठा लावायचा असल्यामुळे चिठ्ठ्या वाफेवर सोडवल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत नीट ठेवल्या आहेत. त्यांचा अर्थ काय ते कळव.

शनिवारी सकाळी साडेआठला सभागृहाच्या दाराशी उभा असेन.

तुझा,
नेविल

ग्रिम्सबी, २५ ऑक्टोबर १९८७

नेविल,

मॉरीन लिहितेय. कॉलिन झोपलाय.

डर्बीहून आल्यापासून तो बोलत नाहीये. जेवतो, खिडकीबाहेर बघतो, "हो", "नको", एवढंच. तुम्ही जिंकलात ना? दोन्ही दिवस मी त्याला चाकाच्या खुर्चीवरून दारापर्यंत आणून तुझ्या ताब्यात दिला आणि मावशीकडे गेले, त्यामुळे आत काय झालं मला माहीत नाही. खुर्चीच्या पिशवीत एक प्रमाणपत्र सापडलं, उत्कृष्ट रंगकामाचं, त्याच्या नावाचं. मी भिंतीवर लावायला गेले तर म्हणाला, "कपाटामागे टाक." टाकेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

तुला आजार दिसलाच असेल. नसांचा आहे, जानेवारीत कळलं. उतार पडत नाही यात, नुसतं वाढत जातं. तुला लिहू नकोस म्हणून त्याने मला शपथ घातली होती. म्हणाला, "त्याला कळलं तर तो गुण मोजायचं सोडून मला मोजत बसेल." टाइपरायटर त्यासाठीच आणला.

ते शिपाई रंगवताना मी त्याच्याशेजारी बसायचे. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मग मी ब्रश रबराने मनगटाला बांधायचे. तू आकड्यांचं विचारलंस ते वाचून तो खूप हसला होता. ते तास आहेत, नेविल. एका शिपायाला किती तास लागले ते. शेवटच्याला एकतीस लागले. मी म्हटलं, "अरे सोड, तेवीस पुरेत." तर म्हणाला, "पलटण चोवीसची असते. नेविल मोजणार."

तिथे कुणी काही बोललं का त्याला? मला खरं सांग.

मॉरीन

नॉटिंगहॅम, २९ ऑक्टोबर १९८७

आदरणीय मॉरीन,

कुणी काही बोललं नाही. जे झालं ते मी केलं. मी हे पत्र चार वेळा लिहिलं आहे. हे पाचवं.

सप्टेंबरमध्ये खोकं उघडलं तेव्हा मला वाटलं, त्याने घाई केली, किंवा पिऊन रंगवलं. मला खरंच तसं वाटलं. पांढऱ्या रंगाचे गोळे झाले होते. दोऱ्या मांडीवरून कोटावर गेल्या होत्या. हात लावू नकोस, असं त्याने लिहिलं होतं. मला वाटलं, लाजेने लिहिलं असेल. मी जंतुनाशकाच्या दोन बाटल्या आणल्या, बादलीत ओतल्या आणि चोवीसही शिपाई त्यात बुडवले. त्यात रंग सुटतो. आम्ही सगळे बिघडलेल्या शिपायांचं हेच करतो. दुसऱ्या दिवशी जुन्या दातांच्या ब्रशाने घासले तेव्हा खाली स्वच्छ शिसं निघालं. बादलीतलं पाणी मी मोरीत ओतलं. मग आठ दिवसांत ते सगळे मी रंगवले. कार्डावर 'रंगकाम : कॉलिन ब्रॅमली' लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

तो खुर्चीवर आला तेव्हा मी दारातच उभा राहिलो. तुम्ही गेल्यावर तोच म्हणाला, "बघत काय राहिलास? ढकल की." टेबलाच्या आडव्या दांड्यामुळे खुर्ची पुढे जाईना. तो तीन फुटांवरच राहिला. पलटण मांडलेली होती. त्याने पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "योझेफ कुठाय?" मी म्हटलं, "दुसऱ्या रांगेत." तो म्हणाला, "नाही. हा सरळ बघतो."

त्यानंतर खेळ सुरू झाला. तो चाली सांगायचा, मी शिपाई हलवायचो. फासे कपात घालून दिले की तो मनगटांनी कप उलटा करायचा. लफबरो गावची जोडी समोर होती. त्यांतला एक म्हणाला, "दादा, तुमचे फासे मी टाकू का?" कॉलिन म्हणाला, "तुझे तू टाक, तेही धड पडत नाहीयेत." सगळे हसले. तो चांगला खेळला. शनिवारी तिन्ही लढाया जिंकलो, रविवारी एक जिंकलो आणि एक बरोबरीत सुटली.

रविवारी दुपारी मिस्टर पॅशली रंगकाम बघायला आले. ते सत्तरीचे आहेत, डर्बीचे सगळ्यांत जुने परीक्षक. आधी तीन फुटांवर, कॉलिनच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. मग नियम सोडून वाकले. "हा पांढरा रंग कुणी दिला?" त्यांनी कार्ड वाचलं. कॉलिनकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या हातांकडे. "बाळा, हे तू रंगवलंस?"

कॉलिनने माझ्याकडे पाहिलं. फासा टेबलावर फिरून थांबतो तेवढाच वेळ. तो नाही म्हणाला असता तर आम्ही बाद झालो असतो आणि माझं नाव सगळीकडे कळलं असतं. मी बोलायला तोंड उघडलं. पहिलं अक्षर अडकलं.

तो म्हणाला, "हो साहेब. जरा वेळ लागला."

मिस्टर पॅशलींनी टोपी काढली. बक्षिसाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, या हातांनी काय केलं आहे ते येऊन बघा. सगळं सभागृह उभं राहिलं. बराच वेळ टाळ्या वाजत होत्या. प्रमाणपत्र त्याला धरता येईना, म्हणून त्यांनी ते त्याच्या गुडघ्यांवर ठेवलं. मीही टाळ्या वाजवत होतो. दुसरं काय करायचं ते मला कळलं नाही.

मी हिशोब केला आहे. आम्ही अकरा गुणांनी पहिले आलो. त्याच्या अर्ध्या रंगकामाला दहापैकी शून्य मिळाले असते तरी आम्ही पहिलेच आलो असतो.

चिठ्ठ्या डबीत आहेत. तासांची बेरीज २९४ होते.

हे पत्र त्याला वाचून दाखवा किंवा दाखवू नका. तुम्ही ठरवाल ते.

नेविल हॅलम

ग्रिम्सबी, १५ नोव्हेंबर १९८७

नेविल,

मी सांगतोय, मॉरीन लिहितेय. मधे रडायचं नाही अशी तिला ताकीद दिली आहे.

पत्र ऐकलं. दोनदा. बेरीज बरोबर आहे.

मला राग आला. अजून आहे. तू बादलीत टाकलेस म्हणून नाही, तू तसाच आहेस, मला माहीत होतं. तू मला पिऊन रंगवणारा समजलास, त्याचा राग आहे. अकरा वर्षांत तू मला किती वेळा प्यायलेला बघितलंस? एकदा. तेही तुझ्या वाढदिवसाला, आणि तुलाच घरी मी पोचवलं.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला वाटत होतं, हे सगळं माझ्यासाठीच आहे आणि नेमकं खोट्यासाठी आहे. ओरडून सांगावंसं वाटलं की खरंच रंगवले होते रे बाबांनो, यांच्यापेक्षा वाईट. कुणाला पटलं असतं?

आता ऐक. योझेफला पुन्हा बादलीत टाक. पूर्ण साफ कर, राखाडी रंगाचा एक हात दे आणि पाठवून दे. रंगाचं कार्ड नको. मी एक रंगवणार आहे. आणि तो परत येईल तेव्हा भिंग आणायचं नाही.

(मी लिहिते आहे, मॉरीन. ब्रश आता मनगटालाही राहत नाही. तरी पाठव.)

कॉलिन

ग्रिम्सबी, १२ मार्च १९८८

नेविल,

तू अंत्यविधीला आलास, मागच्या बाकावर बसलास आणि न भेटता गेलास. मी पाहिलं. राग नाही.

त्याची ही वस्तू तुझ्यासाठी. नाताळपासून रंगवत होता. मी ब्रश धरायचे आणि तो हनुवटीने माझा हात हलवायचा. "डावीकडे. जरा खाली. थांब." एक विजार झाली आणि एका मांडीवरची दोरी. कोट राखाडीच राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी म्हणाला, "आज नको," आणि मग त्याने विचारलंच नाही.

तळाला चिठ्ठी मी लावली आहे. आकडा काय घालू म्हणून विचारलं तर म्हणाला, "कोरी ठेव, अजून संपला कुठे?"

तळहातात घेऊन बसले होते बराच वेळ. इतका हलका असतो, मला माहीत नव्हतं.

मॉरीन

नॉटिंगहॅम, २० मार्च १९८८

आदरणीय मॉरीन,

शिपाई सुखरूप पोचला. संगीन सरळ आहे.

बाकीचे तेवीस मी क्लबाच्या कपाटातून घरी आणले आणि त्यांच्यामध्ये, दुसऱ्या रांगेत, त्याला उभा केला. पट्टीने मोजून तीन फुटांवर जमिनीवर खडूची रेघ मारली आहे. कामावरून आलो की तिथे उभा राहतो. रॉय परवा आला होता. म्हणाला, "हा एक अर्धवट राहिला की रे." मी त्याला म्हटलं, रेघेच्या मागे उभा राहा. या वेळी अक्षर अडकलं नाही. तो उभा राहिला, मग टोपी हातात घेऊन खाली बसला.

प्रमाणपत्र कपाटामागेच असू द्या. मिस्टर पॅशलींना मी सगळं लिहिलं आहे. चषक परत पाठवला. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

एक सांगायचं आहे, कारण तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे. काल मी रेघ ओलांडली. भिंग घेतलं. त्याने नको म्हटलं होतं, तरी घेतलं.

डाव्या मांडीवर पिवळी दोरी आहे. कमरेपासून निघते, गुडघ्याच्या वर थरथरते, एका जागी थांबते, मग पुन्हा सुरू होऊन बुटापर्यंत जाते. सरळ नाही.

मी हात लावलेला नाही.

नेविल